फोटो डिलीट करायला लावले, आता काय? एका मुक्त छायाचित्रकाराला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारे एक मुक्त छायाचित्रकार कांद्याच्या भावासाठी झालेल्या रास्ता रोकोचे फोटो काढत होते. लाठीमार सुरू झाला, तोही त्यांनी टिपला. पोलिसांनी "अधिस्वीकृती कुठाय?", म्हणजे पत्रकार म्हणून सरकारने दिलेलं ओळखपत्र कुठे आहे, असं विचारलं, ठाण्यात नेऊन दोन तास बसवलं, कॅमेऱ्यातले फोटो डिलीट केले आणि कॅमेरा परत देऊन सोडून दिलं. गुन्हा नाही, पंचनामा नाही, कागदाचा कपटासुद्धा नाही. आता ते विचारतात: अधिस्वीकृती काढली तर हे थांबेल का? ती मला मिळेल का? आणि कार्ड नसताना मी फोटो काढत होतो हेच मुळात चुकलं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिलं देतो. तुमचं काहीही चुकलेलं नाही.

पण त्याही आधी एक काम करा. ते मेमरी कार्ड अजून कॅमेऱ्यात असेल तर आत्ता बाहेर काढा. एसडी कार्ड असेल तर डाव्या कडेला नखाएवढी खिट्टी असते, ती खाली सरकवा, म्हणजे त्यावर नवीन काही लिहिलं जाणार नाही. कॅमेऱ्यात फोटो डिलीट होतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिकेतलं त्याचं नाव पुसलं जातं. फोटो कार्डावर तसाच पडून असतो आणि त्या जागेवर दुसरा फोटो येईपर्यंत राहतो. म्हणून त्या कार्डावर त्या दिवसानंतर एकही फ्रेम काढलेली नसेल तर बहुतेक सगळं परत मिळेल. फोटोरेकसारखं मोफत सॉफ्टवेअर चालतं. परत मिळालेल्या फाइली मात्र त्याच कार्डावर साठवू नका, संगणकाच्या डिस्कवर घ्या. आणि मूळ कार्ड एका पाकिटात घालून, वर तारीख टाकून, सही करून कपाटात ठेवा. ते पुढे लागेल.

आता कार्डाबद्दल, म्हणजे प्रेस कार्डाबद्दल.

आपल्याकडे एक समज फार खोल रुजला आहे, पोलिसांमध्ये तर आहेच, पण आपल्या व्यवसायातल्या लोकांमध्येही आहे: ज्याच्याकडे सरकारी अधिस्वीकृती तो पत्रकार, आणि बाकीचे सगळे घुसखोर. हा समज आपल्या संविधानाच्या विरुद्ध आहे. संविधानात वृत्तपत्र स्वातंत्र्य असा वेगळा अनुच्छेदच नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या मुद्द्यावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केलं होतं की वृत्तपत्र म्हणजे नागरिकच, आणि जो अधिकार नागरिकाला व्यक्ती म्हणून नाही असा कुठलाही खास अधिकार वृत्तपत्राला नाही. काही लोकांना हे ऐकून वाईट वाटतं, आपल्याला कमी दिलं असं वाटतं. मला यातच आपली ताकद दिसते. अनुच्छेद १९(१)(क) खालचं भाषणाचं आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य तुम्हाला नागरिक म्हणून मिळालेलं आहे. ते माहिती खात्याने दिलेलं नाही, त्यामुळे माहिती खात्याचं कार्ड नाही म्हणून ते काढूनही घेता येत नाही.

या स्वातंत्र्याचा पहिला मोठा निकाल आपल्या मुंबईतल्या एका साप्ताहिकाचा आहे. रोमेश थापर यांचं 'क्रॉसरोड्स' मुंबईत निघायचं आणि मद्रास सरकारने त्याला आपल्या राज्यात बंदी घातली होती. २६ मे १९५० रोजी, म्हणजे संविधान लागू होऊन बरोबर चार महिने झाले असताना, सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. त्यानंतर पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे निर्बंधाचं कारण १९(२) मध्ये आलं, आणि आज आपल्यावर रस्त्यात जे निर्बंध येतात ते बहुतेक त्याच दारातून येतात. पण तिथेही शब्द 'वाजवी निर्बंध' असा आहे, आणि निर्बंध कायद्याने घालायचा असतो. एखाद्या साहेबांना त्या क्षणी वाटलं म्हणून तो होत नाही.

मग कार्डाचा उपयोग काय? कार्ड फाटक उघडतं. मंत्रालय, विधान भवन, मुख्यमंत्र्यांचा कार्यक्रम, स्टेडियमची सीमारेषा, जिथे जागा मोजकी आहे आणि कुणाला आत घ्यायचं हे कुणीतरी ठरवतं, तिथे कार्ड लागतं. रस्ता, चौक, बाजार समितीबाहेरचा हायवे हे फाटकाच्या बाहेरचं जग आहे. तिथे कार्ड असलं तर बोलणं लवकर संपतं, एवढाच फरक.

फाटकाच्या आतलं जग कसं चालतं त्याचं एक उदाहरण. २०१२ मध्ये इंग्लंडचा संघ आपल्याकडे खेळायला आला तेव्हा बीसीसीआयने गेटीसारख्या फोटो एजन्सींना प्रवेश नाकारला. त्याच्या निषेधार्थ रॉयटर्स, एपी आणि एएफपी या वृत्तसंस्थांनी त्या मालिकेचे फोटो देणंच थांबवलं. पास देणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते आणि पास घेणारे एकत्र आले तर काय करू शकतात, ते तेव्हा दिसलं.

राज्याची अधिस्वीकृती माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं. अर्ज तुमच्या जिल्हा माहिती कार्यालयात करायचा, तो विभागीय समितीपुढे जातो आणि तिथून राज्य समितीकडे. एसटीचा सवलतीचा प्रवास, शंकरराव चव्हाण पत्रकार कल्याण निधीतून आजारपणात मिळणारी मदत, सरकारी कार्यक्रमांचा प्रवेश यासाठी ती घ्यावी. जरूर घ्यावी. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचं, म्हणजे पीआयबीचं कार्ड वेगळं. त्याच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पूर्णवेळ पत्रकार किंवा कॅमेरामनला किमान ५ वर्षांचा अनुभव लागतो आणि मुक्त काम करणाऱ्याला १५ वर्षांचा. म्हणजे तुमच्या वयाच्या मुलाला ते मिळायचं तेव्हा निम्मी कारकीर्द संपलेली असेल. त्याच तत्त्वांत असंही आहे की देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, नीतिमत्ता, बदनामी अशा कारणांवरून अधिस्वीकृती काढून घेता येते. कोर्टाने दोषी ठरवावंच लागतं असं नाही. हे वाचलं तेव्हा मला फार अस्वस्थ वाटलं होतं आणि अजूनही वाटतं. जो कागद नापसंतीचा फोटो छापला म्हणून परत घेता येतो, त्यावर आपलं स्वातंत्र्य टांगून ठेवायचं नसतं.

तुमच्यासाठी त्याहून कामाची वस्तू आहे ती संपादकाचं पत्र. तुम्ही ज्या दैनिकाला किंवा पोर्टलला फोटो देता त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी: अमुक यांना अमुक विषयाच्या छायाचित्रणाचं काम आमच्याकडून दिलेलं आहे, मुदत अमुक ते अमुक, संपर्क क्रमांक, सही-शिक्का. ज्या क्रमांकावर रात्री अकरा वाजता कुणीतरी फोन उचलेल असा क्रमांक त्यावर घाला. बस स्टँडजवळच्या दुकानात पाचशे-हजार रुपयांत मिळणारं 'प्रेस'चं कार्ड मात्र घेऊ नका. ते एकदा उघडं पडलं की त्या ठाण्यात तुमच्या खऱ्या पत्रालाही कुणी हात लावणार नाही.

पत्रकार कोण हे सरकारने ठरवायला घेतलं की काय होतं ते पुलवामाच्या कामरान युसुफच्या प्रकरणात दिसलं. हा तरुण मुक्त छायाचित्रकार. सप्टेंबर २०१७ मध्ये एनआयएने, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याला अटक केली. आरोपपत्रात तपास यंत्रणेने असा मुद्दा मांडला की तो खरा पत्रकार असता तर त्याने सरकारी खात्यांची विकासकामं, रुग्णालयाचं, शाळेचं, रस्त्याचं, पुलाचं उद्घाटन यांचे फोटो काढले असते. सहा महिन्यांनी त्याला जामीन मिळाला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला दोषमुक्त केलं. माझ्या पाहण्यात या व्यवसायावर त्या आरोपपत्राइतका उघड बोलणारा दुसरा सरकारी कागद नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काश्मीरच्या छायाचित्रकार सना इर्शाद मट्टू पुलित्झर पुरस्कार स्वीकारायला न्यूयॉर्कला निघाल्या होत्या. व्हिसा होता, तिकीट होतं, तरी दिल्ली विमानतळावर त्यांना थांबवलं गेलं. पत्रकारितेतला सगळ्यात मोठा समजला जाणारा पुरस्कार हे ओळखपत्र म्हणून पुरलं नाही.

आता रस्त्यावरची गोष्ट, कारण तुमचा खरा प्रश्न तिथला आहे.

फिल्मचा जमाना होता. एका तालुक्याच्या गावी धरणग्रस्तांचा मोर्चा होता आणि लाठीमार झाला. मी एका टपरीच्या आडोशाने काढत होतो. एक फौजदार आले, त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि रोल ओढून उन्हात धरला. दोन-अडीच हात लांब फिल्म, तपकिरी, त्यांच्या मुठीतून लोंबत होती. बावीस फ्रेम त्या क्षणी गेल्या, आणि फिल्मला रिकव्हरी नसते. त्याआधीचा रोल मी बदलून मोज्यात घातला होता, तो वाचला. त्यात मुख्य फ्रेम होती: साठीच्या पुढची बाई, डोक्यावरून पदर, आणि तिच्या कोपराला लागलेली काठी. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या पानावर आली. तेव्हा माझ्या गळ्यात दैनिकाचं रीतसर ओळखपत्र होतं, हे मुद्दाम सांगतो.

मोज्यातल्या रोलचं काम आज दोन स्लॉटचा कॅमेरा करतो. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिलं जाईल असं सेटिंग ठेवा. एक स्लॉट असेल तर मोबाइलवर लगेच पाठवायची सोय लावा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी महत्त्वाच्या फ्रेम संपादकाकडे जाऊ द्या. फोटो एकदा गावाबाहेर पोचला की तो डिलीट करायला लावण्यात कुणालाच अर्थ उरत नाही.

पोलीस काय करू शकतात? जमावबंदी लागू असेल तर ती तुम्हालाही लागू होते. पूर्वीचं १४४ कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं आहे. मागे सरका म्हटलं तर सरका. बंदोबस्ताच्या रांगेत घुसू नका, दोरीच्या आत जाऊ नका, हवालदाराच्या हाताला हात लावू नका. फोटोग्राफरवर लावली जाणारी कलमं बहुतेक दोन असतात: सरकारी कामात अडथळा, आणि सरकारी नोकरावर बळाचा वापर, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं ३५३ आणि आता भारतीय न्याय संहितेचं १३२. पहिल्यापेक्षा दुसरं फार जड आहे, आणि कॅमेरा वाचवताना झालेल्या झटापटीतूनच ते अंगावर येतं. म्हणून कॅमेरा छातीशी घट्ट धरा, पट्टा मनगटाला गुंडाळा, पण ओढाओढ करू नका. तोंडाने बोला. "साहेब, मी मागे सरकतो. कॅमेरा घ्यायचा असेल तर पंचनामा करून घ्या." एवढंच वाक्य शांतपणे, आजूबाजूच्या दोघातिघांना ऐकू जाईल असं म्हणा. छातीवरच्या पाटीवरचं नाव वाचा आणि लक्षात ठेवा.

पोलीस काय करू शकत नाहीत? फोटो डिलीट करू शकत नाहीत. एकाही कायद्यात तो अधिकार कुठल्याही दर्जाच्या अधिकाऱ्याला दिलेला नाही. कॅमेऱ्यात गुन्ह्याचा पुरावा आहे असं त्यांना वाटत असेल तर तो जप्त करावा लागतो, आणि आता सुरक्षा संहितेच्या १०५ कलमाप्रमाणे जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करून ते दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. जप्त वस्तू परत मिळवायला दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. आणि पुरावा नसेल तर हातच लावायचं कारण नाही. दोन्ही बाजूंनी बघा, डिलीट करणं कुठेच बसत नाही. उलट कोर्टात येऊ शकणारा इलेक्ट्रॉनिक पुरावा तो पुढे येऊ नये म्हणून नष्ट करणं हाच न्याय संहितेच्या २४१ कलमाखाली गुन्हा आहे. फोन किंवा कॅमेऱ्याचा पासवर्डही रस्त्यावर तोंडी सांगू नका, लेखी आदेश मागा. पत्रकारांची उपकरणं सर्रास जप्त होण्याचा विषय २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा न्यायालयाने तो गंभीर मानून केंद्राला मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितली होती.

ठाण्याच्या आवारात फोटो काढले म्हणून 'ऑफिशियल सीक्रेट्स' लावू अशी धमकी अजून ऐकू येते. तो १९२३ चा कायदा आहे आणि त्यात 'प्रतिबंधित ठिकाण' म्हणजे काय हे लिहिलेलं आहे: संरक्षण दलांच्या जागा, शस्त्रागारं, गोदी, आणि सरकारने तसं जाहीर केलेली ठिकाणं. वर्ध्याच्या एका ठाण्यात केलेल्या चित्रीकरणावरून गुन्हा दाखल झाला होता, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये निकाल दिला की पोलीस ठाणं हे त्या व्याख्येत येत नाही. या निकालाची प्रत मोबाइलमध्ये ठेवा. मी ठेवतो. दोनदा दाखवावी लागली आहे आणि दोन्ही वेळा समोरच्याने ती नीट वाचली.

महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध वेगळा कायदा आहे. २०१७ मध्ये विधिमंडळाने तो मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१९ मध्ये तो लागू झाला. हल्ला करणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक दर्जाच्या खाली नाही. कॅमेऱ्याचं नुकसान केलं तर भरपाईची तरतूद आहे. पण त्याचं संरक्षण माध्यम संस्थेत नोकरीवर किंवा करारावर असणाऱ्याला मिळतं, त्यामुळे केवळ 'मी मुक्त छायाचित्रकार आहे' म्हणणाऱ्याची अडचण होते. संपादकाच्या पत्राचा आग्रह मी धरतो तो याचसाठी.

आणखी एक बाजू आहे, तिच्याबद्दल आपण पुरेसं बोलत नाही. धोका फक्त खाकीकडून नसतो. ११ ऑगस्ट २०१२ ला आझाद मैदानाबाहेर हिंसाचार झाला तेव्हा छायाचित्रकारांवर हल्ले झाले, वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन जाळल्या गेल्या. नंतर छायाचित्रांवरूनच पोलिसांनी अनेकांची ओळख पटवली. २६/११ च्या रात्री सीएसटीवर सेबॅस्टियन डिसूझा यांनी रेल्वेच्या डब्याच्या आडून कसाबचा फोटो काढला आणि पुढे कोर्टात साक्ष दिली. तो फोटो खटल्यात फार मोलाचा ठरला आणि त्या माणसाच्या धैर्यापुढे मी कायम नतमस्तक आहे. पण रोजच्या मोर्चात जमावाला जर वाटू लागलं की आपला फोटो उद्या ठाण्यात जाणार, तर दगड पहिला आपल्यावर येतो. म्हणून माझा नियम असा: छापून आलेला फोटो सगळ्यांचा आहे, पोलिसांनीही खुशाल घ्यावा. न छापलेल्या फ्रेम मात्र तोंडी मागणीवर, ओळखीवर, चहावर देत नाही. लेखी नोटीस आली तर संपादक आणि वकील यांच्याशी बोलून उत्तर देतो. कायद्याने पत्रकाराला कोर्टात गप्प राहण्याचा हक्क दिलेला नाही. प्रेस कौन्सिल म्हणजे वृत्तपत्रांविषयीच्या तक्रारी ऐकणारी संस्था, आणि तिच्या कायद्याचं संरक्षण फक्त कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं आहे. त्यामुळे कोर्टाने मागितलं तर द्यावं लागतं, आणि तेव्हा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ कलमाखालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर द्यायचं प्रमाणपत्र लागतं. तुमचं पाकिटातलं मूळ कार्ड तिथे उपयोगी पडेल.

स्वातंत्र्याच्या काही कडा आपल्यालाही पाळायच्या आहेत. अत्याचारग्रस्त स्त्री आणि लहान मुलं यांची ओळख पटेल असा फोटो छापायचा नाही, चेहरा झाकून मागची पाटी उघडी ठेवणं म्हणजेही ओळख देणंच आहे. रुग्णालयात परवानगीशिवाय शिरायचं नाही. यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत असणार.

तर आता तुमच्या प्रकरणात पुढे काय करायचं. त्या दिवसाचा क्रम आजच कागदावर लिहा: किती वाजता अडवलं, कुणी, गाडी कोणती, ठाण्यात कुठल्या खोलीत बसवलं, कोण कोण होतं, किती वाजता सोडलं. मग ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. घेत नसतील तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, कायद्यात तशी सोय आहे, आणि त्यानंतरही दखल घेतली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. तक्रारीतच एक ओळ घाला की त्या वेळेचं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावं. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे असावेत आणि चित्रीकरण साठवून ठेवावं असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे, त्याचा उल्लेख करा. माहिती अधिकारात त्या दिवशीच्या मनाई आदेशाची प्रत मागा, म्हणजे असा आदेश मुळात होता का हे कळेल. एक प्रत प्रेस कौन्सिलला, एक राज्य मानवी हक्क आयोगाला, आणि एक तुमच्या जिल्ह्याच्या पत्रकार संघाला. संघाचे तुम्ही सभासद नसलात तरी द्या आणि अध्यक्षांना स्वतः जाऊन भेटा.

फोटो परत मिळाले तर त्यातला लाठीमाराचा फोटो, तारीख-ठिकाणाच्या ओळीसह, ज्या दैनिकासाठी काढला होता त्यांना आधी द्या. उशिरा का होईना, तो छापला गेला पाहिजे. ज्यांना मार बसला त्यांच्यापैकी कुणी तक्रार केली असेल तर त्यांच्याकडे बहुधा तेवढा एकच पुरावा असेल.